मामांचं इंजिन दातांच्या खुर्चीत

तीर्थरूप मामा,

पत्र लिहायचं मी टाळत होतो हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं ते शोधून काढायचे कष्ट तुम्हाला पडणार नाहीत. रोज सकाळी 'आज मामांना लिहायचंच' असं म्हणून उठायचो आणि रोज काहीतरी आडवं यायचं. पेन मिळालं तर कागद नसायचा, कागद मिळाला तर त्यावर मी काढलेले स्क्रू मांडलेले असायचे, आणि स्क्रू ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं मांडलेले असताना कागद हलवायचा नसतो, हे तर तुम्हीच मला शिकवलं आहे. आता मात्र लिहायला बसलो आहे. हात कोपरापर्यंत काळे आहेत, म्हणून नमस्कार नुसती मान वाकवून करतो. तो पोचला असं समजावं. कागद ताईच्या दवाखान्यातला आहे. मागच्या बाजूला 'गोड खाल्ल्यावर चूळ भरावी' असं छापलेलं दिसेल, तो माझा तुम्हाला उपदेश नव्हे.

तुमचे फोन आले होते. मी उचलले नाहीत, यावरून मनात काही आणू नये. फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्यात गाडीचं विचारता आणि मग मला तब्येत विचारायला जागाच उरत नाही. पत्रात तसं नाही, पत्रात मी विचारेन आणि तुम्हाला ऐकावं लागेल. तर तब्येत कशी आहे? गुडघा वाकतो का? चष्म्याचा नवा नंबर मानवला का? मामीची पाठ कशी आहे, आणि ती अजून बोलते आहे ना तुमच्याशी? इकडे सगळे ठीक आहेत. ताई ठीक आहे, भाऊजी ठीक आहेत, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतला मासा ठीक आहे (एकच उरला आहे, पण त्याला त्याचं दुःख दिसत नाही). गाडी सावलीत आहे.

हो, सावलीत आहे. याहून जास्त एवढ्यात सांगत नाही, कारण क्रमानं सांगितलं नाही तर तुम्ही मधलं सोडून शेवट वाचाल, आणि मधलंच तर वाचण्यासारखं आहे.

येत्या सोमवारी तुम्हाला आणि मामीला निघायचं आहे हे मी विसरलेलो नाही. अख्ख्या घराण्यात ते कुणी विसरलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा मामीला 'गाडी घेतली की तुला समुद्र दाखवीन' म्हणाला होतात. मग गाडी घेतलीत. मग 'जरा रुळली की', मग 'जरा पैसे साठले की', मग 'इंजिन एकदा उघडून बघितलं की', मग 'रिटायर झालो की'. आता तुम्ही रिटायर झालात. मी निघालो त्या दिवशी मामीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती आणि मी तिला अडखळून पडलोही होतो, त्यामुळे ती विसरणं मला तरी शक्य नाही. आणि गाडी तुम्ही मला दिलीत! सख्ख्या भावाला कधी हात लावू दिला नाहीत, शेजाऱ्यांना नुसतं टेकून उभं राहू दिलं नाहीत, ती मोटारसायकल माझ्यासारख्या भटक्याच्या हातात दिलीत. 'जरा चार गावं फिरवून आण, अंग मोकळं होऊ दे तिचं, आणि कुठं आवाज येतो का ते ऐक.' मामा, ऊर भरून आला होता माझा. आजवर माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता. (कुक्कुटपालनवाल्यानं टाकला होता, पण त्या कोंबड्यांना दार उघडायची अक्कल असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

तर मी आवाज ऐकला. 'आवाज ऐक' असं मला सांगायलाच नको होतं. माणसानं ऐकायचं ठरवलं की गाडीतून किती तऱ्हेचे आवाज येतात म्हणून सांगू! पहिल्या गावात चेन कुरकुरत होती, दुसऱ्या गावात ती गप्प झाली आणि आरसा बोलायला लागला. ताईच्या घराच्या कोपऱ्यावर मात्र इंजिनाच्या पुढच्या अंगाला, जिथं सायलेन्सर इंजिनाला चिकटतो तिथं, फुस्स-टक, फुस्स-टक असा आवाज यायला लागला. गाडीला पडसं झाल्यासारखा. मी ताईकडे नुसता चहाला थांबणार होतो. पण म्हटलं, मामांना गाडी परत द्यायची ती आवाजासकट कशी द्यायची? दोनच तर बोल्ट आहेत. एक जरा सैल झाला असेल. आवळला की झालं, निघू.

इथं मला थोडं मागं जायला हवं, कारण त्या बोल्टाला पाना लावताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे आलो की दर रविवारी चहा झाल्यावर तुम्ही अंगणात गाडीशेजारी पाट टाकून बसायचात. पानापेटी उघडायचात. पाने पुसलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत झोपवलेले. आणि मग गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत एकेक बोल्ट तपासायचात. सैल कुठलाच नसायचा. तरी प्रत्येकाला पाना लावून, जीभ दाताखाली धरून, तुम्ही एक शेवटचा पीळ द्यायचात. मी विचारलं होतं, 'मामा, घट्ट आहे की आधीच.' तर तुम्ही म्हणाला होतात, 'अरे, हा मायेचा पीळ.' मला शाळेत काय शिकवलं ते आठवत नाही (फार दिवस शिकवू दिलं नाही मी त्यांना), पण हे आठवतं. आयुष्यात मी जे काही आवळलं, नळ, बरण्यांची झाकणं, एकदा सर्कशीच्या तंबूची खुंटी, त्याला शेवटी मायेचा पीळ दिलाच. झाकणं अजून उघडलेली नाहीत असं ऐकतो.

तर तोच पीळ मी त्या बोल्टाला दिला.

तुटण्याचा आवाज मोठा नसतो, मामा. आधी मनगटाला कळतं. पाना एकदम हलका होतो, लोण्यात फिरल्यासारखा, आणि क्षणभर वाटतं की वा, किती छान फिरला! मग बोल्टाचं डोकं टपकन खाली पडतं, फरशीवर घरंगळत मोरीच्या जाळीपर्यंत जातं आणि तिथं थांबून तुमच्याकडे बघतं. धड आत राहतं. मी दोन मिनिटं तसाच उकिडवा बसून होतो. मागच्या अंगणात ताईचे दवाखान्यातले टॉवेल दोरीवर वाळत होते, ते सगळे पांढरे टॉवेल मला माना डोलावताहेत असं वाटलं.

म्हटलं, हरकत नाही. दुसरा बोल्ट काढू, सायलेन्सर बाजूला करू, मग आतलं धड पकडीनं धरून काढता येईल. दुसरा बोल्ट जरा अडचणीत होता, म्हणून मी पाठीवर झोपून गाडीखाली डोकं घातलं. आता तुम्ही मला सांगा, माणूस उताणा झोपला, डोकं पुढच्या चाकाकडे, हात छातीवरून उलटा, अशा वेळी सैल करायची बाजू कुठली? मी जिवाच्या आकांतानं सैल करत होतो. इतका जोर लावला की पायातली चप्पल निघून गेली. तेवढ्यात भाऊजी चहाचा कप घेऊन आले. भाऊजी शाळेत भूगोल शिकवतात हे तुम्हाला माहीत आहेच, त्यांना दिशा चुकलेली सहन होत नाही. ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "घड्याळाच्या उलट फिरवायचंय ना?"

"हो!"

"मग घड्याळ तू पुढून बघतोयस की मागून?"

यावर मी विचार करत होतो, पण हात थांबायच्या आधीच कट् झालं. म्हणजे एक बोल्ट मी आवळायचा म्हणून आवळून तोडला आणि दुसरा सैल करायचा म्हणून आवळून तोडला. भाऊजींनी चहा माझ्या छातीवर ठेवला आणि आत गेले. माणूस थोर आहे. हसायला आत गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगितलं तर तुमचा रक्तदाब वाढेल. शेजारच्या सुताराकडून ड्रिल आणलं. पहिल्या तुटक्या बोल्टाच्या बरोबर मध्यभागी भोक पाडायचं असतं. माझं भोक मध्यभागाच्या ओळखीचं होतं, पण नातं लांबचं होतं. मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक उलट्या आट्यांची टोकदार खुंटी काढून दिली. ती त्या भोकात घालून उलटी फिरवली की ती आत रुतत जाते आणि तुटका बोल्ट सोबत घेऊन बाहेर येते, अशी तिची योजना. फार सुंदर वस्तू आहे, मी वाटेत तीनदा खिशातून काढून बघितली. देताना दुकानदार म्हणाला, "पोलादी आहे. सावकाश. ही आत मोडली तर माझ्याकडे यायचं नाही." मला वाटलं, सगळ्यांना म्हणत असेल. मी परत गेलो तेव्हा त्यानं मला लांबूनच बघितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

मामा, तिथं मी खरोखर घाबरलो. तोवर मला वाटत होतं की आपण एका मजेशीर अडचणीत आहोत. पण बोल्ट मऊ असतो, त्याला भोक पाडता येतं. ही आत मोडून बसलेली खुंटी ड्रिलच्या टोकाहून कडक. तिच्यावर ड्रिल लावलं की ड्रिलच बोथट होऊन किंचाळतं. दोन गॅरेजवाले येऊन बघून गेले. एकानं जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. दुसऱ्यानं तेही केलं नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोकंच नवीन टाका म्हणाला. (गाडीचं. म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ज्यात ते बोल्ट बसतात.) आणि हे जुनं डोकं आता कुठं मिळत नाही हे मला माहीत होतं, कारण दर रविवारी तुम्हीच ते अभिमानानं सांगायचात. अंगणात पायरीवर बसलो आणि दाराशी भरून ठेवलेली मामीची बॅग दिसायला लागली. मी बऱ्याच गावांतून न सांगता निघून गेलेलो आहे, मामा, मला त्याची सवय आहे. या वेळी तसं निघावंसं वाटेना. गाडी अंगणात उघडी टाकून कुठं जाणार?

आता ताईचं सांगतो. हे सगळं होईपर्यंत ताई एक शब्द बोलली नव्हती. दवाखाना पुढच्या खोलीत, त्याची खिडकी अंगणात उघडते. रोग्याच्या तोंडात हात घालता घालता ती तोंडावरच्या पट्टीच्या वरून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा खाली वाकायची. मला वाटलं, तिला यातलं काही कळत नाही. त्या दिवशी दुपारी हातमोजे काढत अंगणात आली, वाकून त्या भोकात डोकावली, खिशातला छोटा आरसा आत सरकवून फिरवला आणि म्हणाली, "मूळ आत राहिलंय."

"बोल्ट आहे तो."

"तेच म्हणतेय. मूळ आत राहिलंय, आणि ते काढायला गेलेल्या मूर्खानं त्यात सुई मोडलीय. माझ्याकडे महिन्याला असे दोन येतात. डोकं सोडव आणि आत घेऊन ये."

"आत कुठं?"

"कुठं म्हणजे? खुर्चीत."

मामा, तुमच्या गाडीच्या इंजिनाचं डोकं मी स्वतः रॉकेलनं धुतलं, पुसलं, लहान मुलाला न्यावं तसं दोन्ही हातांत धरून नेलं आणि ताईच्या त्या हिरव्या, पुढं-मागं होणाऱ्या खुर्चीत ठेवलं. ताईनं खाली टॉवेल घातला. पेडल दाबून खुर्ची वर घेतली. वरचा दिवा ओढून नेमका त्या भोकावर पाडला. सवयीनं हात पुढं गेला आणि तिनं त्याच्या गळ्याशी कागदी लाळेरंसुद्धा अडकवलं. मी हसलो. ती हसली नाही. ती कामाला लागली की तिला बाकी जग दिसत नाही.

बाहेरच्या बाकावर एक पाववाला गाल धरून बसला होता. कोपऱ्यावर त्याची भट्टी आहे, दाढ सुजून गाल त्याच्याच पावासारखा फुगला होता, आणि तीन दिवस येऊन बसायचा आणि नंबर आला की पळून जायचा. दार उघडं होतं. त्यानं आत बघितलं, खुर्चीत बघितलं, आणि मोठ्या मनानं म्हणाला, "डॉक्टर, त्याचं होऊ द्या आधी. त्याला जास्त त्रास दिसतोय."

शिकत असताना वापरलेलं एक जुनं यंत्र ताईनं कपाटातून काढलं. त्याच्या टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली मोहरीएवढी गोटी. तेच हो, दातावर चालतं ते. दात म्हणजे काय साधी वस्तू वाटली तुम्हाला? अंगातली सगळ्यात कडक वस्तू आहे ती, असं ताई म्हणते. पाण्याची बारीक पिचकारी आणि सुईईई असा तो आवाज, जो ऐकून मोठमोठी माणसं खुर्चीचे हात धरतात. त्या आवाजाखाली ती पोलादी खुंटी, जिच्यापुढं दोन गॅरेजं हात टेकून गेली होती, पीठ होऊन वाहायला लागली. ताई मधे मधे थांबायची, आरशात बघायची, पाणी ओढून घ्यायची, पुन्हा टोक टेकवायची. टेकवायची म्हणजे खरोखर नुसतं टेकवायची. मी म्हटलं, जरा दाब की. तर वर न बघता म्हणाली, "दाबायचं नाही. जोर लावला की उरलेलंही मोडतं. त्याला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मर्जीनं निघतोय."

खुंटी गेली, मग खालच्या बोल्टाची पाळी. ताईनं एका बाजूनं भोकाभोवतीचा भाग गरम केला, मग मेणबत्तीचं मेण त्याच्या कडेनं टेकवलं. मेण वितळून आट्यांच्या फटीत शिरलं, बघता बघता गडप. मग म्हणाली, चहा. मी म्हटलं, आता कसला चहा? तर म्हणाली, चहा तुझ्यासाठी नाही, त्याला वेळ देण्यासाठी आहे. आपल्या घरात थांबण्याला कुणी काम म्हणत नाही, मामा. तुम्ही नाही, मी नाही. ती मात्र खुर्चीशेजारी कप घेऊन बसून राहिली, आणि बसून राहणं हे तिचं काम चाललेलं होतं. मी दोनदा उठलो, माशाला खायला घालून आलो, पाववाल्याशी भट्टीबद्दल बोललो (यीस्ट नावाची गोष्ट जिवंत असते हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं), परत आलो, ती तशीच.

मग तिनं एक बारीक आकडा आत घातला, बोटाच्या टोकानं हलवला. थोडं पुढं, थोडं मागं, परत पुढं. आणि बोल्ट हलला. हलला, मामा! आधी केसभर, मग थोडा, मग स्वतःहून फिरत फिरत वर यायला लागला. ताई तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, "झालं हं, झालं, थोडंच राहिलं," आणि मला शपथेवर वाटतं की ती त्या बोल्टाशी बोलत होती. चिमट्यानं उचलून तिनं तो ट्रेमध्ये टाकला. टिंग. दाराशी पाववाल्यानं टाळ्या वाजवल्या. दुसरा बोल्ट तर असा आला जसा वाटच बघत होता. आणि सगळं झाल्यावर पाववाला उठला, आत आला, इंजिनाचं डोकं उचलून रिकाम्या झालेल्या खुर्चीत स्वतः जाऊन बसला आणि आ केला. न सांगता! ताईनं आधी टॉवेल बदलला.

मी तिला आजवर नुसती ताई समजत होतो. वेण्या घालणारी, माझ्या वाटणीचं खाणारी. त्या दिवशी मला वाटलं, आपण फिरत फिरत एवढ्या गावांना गेलो, एवढी कामं बघितली, आणि बघण्यासारखं काम आपल्याच घरात पुढच्या खोलीत चाललेलं होतं.

आता नाजूक भाग. ताईनं तो निघालेला तुकडा भिंगाखाली धरला आणि मला बोलावलं. "बघ," म्हणाली. "याची कंबर बघ." बोल्टाला कंबर नसते, मामा. तो सरळ असायला हवा. याला होती. मधोमध बारीक, दोन्हीकडे जाड. "हा एका दिवसात तुटला नाही," ताई म्हणाली. "हा ताणला गेलाय. रबर ताणावं तसा, थोडा थोडा, वर्षानुवर्षं. तू नुसता शेवटचा हात लावलास." आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे, आणि दोघांनाही रविवारचं अंगण दिसत होतं.

मी तुमची बाजू घेतली, हे मुद्दाम लिहितो. मी म्हटलं, मामांइतकी गाडी कुणी जपलेली नाही. एक ओरखडा दाखव. ताई म्हणाली, ओरखडा पडायला रस्त्यावर जावं लागतं. मी म्हटलं, पण किती माया! ताई म्हणाली, मायाच ती, पण गाडी चालली कमी आणि आवळली जास्त. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू काय हसतोयस? त्यांचं सगळं एवढं घट्ट की तुटतं, आणि तुझं एवढं सैल की कुठल्या गावात पडलंय ते सापडत नाही." मी माशाला पुन्हा खायला घातलं. (तो जाड झाला आहे.)

असो. आज दुपारी सगळं जोडलं. नवे बोल्ट ताईनं स्वतः बसवले: दोन बोटांनी फिरतील तितके फिरवले, मग पान्यानं टेकेपर्यंत, मग अगदी थोडं, आणि पाना खाली. मी फक्त एकदा, सवयीनं, पाना उचलला. तिनं त्या छोट्या आरशाच्या दांडीनं माझ्या बोटांवर मारलं. किक मारली. चौथ्या किकेला सुरू झाली. आणि आवाज, मामा! फुस्स नाही, टक नाही. रात्रभर शांत झोपलेल्या माणसानं सकाळी घसा साफ करून बोलावं तसा. भाऊजी उद्या सकाळी शाळेच्या कामासाठी मोटारीनं तुमच्याकडे येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. रविवारी मी गाडी घेऊन येतो. सोमवारी तुम्ही निघा. मामीला सांगा, बॅग दाराशी आहे तिथंच असू दे. तुमच्या विश्वासाला तडा गेला असेल तर तो दोनच जागी गेला, आणि दोन्ही जागा आता मुळापासून साफ आहेत.

मामीला नमस्कार. तुमच्या गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा
(सध्या मुक्काम ताईच्या अंगणात)

ता.क. ताईची एक अट आहे. भाऊजी परत येताना त्यांच्या हाती तुमची पानापेटी द्यावी, ती सध्या ताईच्या कपाटात राहील. तोवर गाडी इथून हलणार नाही म्हणते. माझा नाइलाज आहे.

ता.क. दुसरा. वरची अट ताईची नाही. तिनं असं काही म्हटलेलं नाही. अट माझी आहे. तोंडावर सांगायची छाती नाही म्हणून तिच्या नावावर घातली. हे सगळं पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं. मामा, रविवारी गाडी आली की ती उघडू नका. अंगणात पाट टाकू नका. 'एकदा सगळं बघून घेतो आणि मग जाऊ' असं तुम्ही म्हणणार हे मला इथं बसून ऐकू येतं. बघू नका. काही तुटलंच तर वाटेत तुटेल, तिथं कुणीतरी भेटेल. मला दर वेळी भेटलं आहे. नुसते जा, मामा. फक्त हे एकच ऐका माझं.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तोच बाहेर रिक्षा थांबली. मामी आली आहे. आपली मामी. एकटी. बॅगेसकट.

तुम्ही तिला काल सांगितलंत म्हणे की सोमवार काही जमणार नाही, गाडी एवढे दिवस परक्या हातात होती, ती आली की आधी पूर्ण उघडून बघावी लागेल, म्हणजे पुढचा महिना धरून चालू. म्हणजे मी वरचं लिहीत होतो तोवर तुमचं ठरूनसुद्धा गेलं होतं. ती म्हणते, तुमचं जेवण झाकून ठेवलंय आणि तिचा राग नाही. तिच्याकडे बघून मलाही तसंच वाटतं. उलट चेहरा इतका हलका मी कधी बघितला नव्हता.

ताईशी दोन शब्द बोलली, पाणी प्यायली, सरळ अंगणात गेली. गाडीभोवती एक फेरी मारली. चष्मा पुसला. मला म्हणाली, चावी. मी म्हटलं, मामी, आधी बस तरी, मी तुला एक चक्कर मारून आणतो. तर म्हणाली, तू मागं बस किंवा बाजूला हो. मामा, मामीला गाडी चालवता येते हे तुम्हाला माहीत होतं? लग्नाआधी तिच्या थोरल्या भावाची गाडी तीच चालवायची. मी विचारलं, कधी बोलली नाहीस ती? म्हणाली, कुणी विचारलं का?

एका किकेत सुरू झाली.

तुम्हाला तिचा निरोप असा आहे: ती सोमवारी सकाळी इथूनच समुद्राकडे निघते आहे. मागची सीट रिकामी आहे. भाऊजींच्या मोटारीत बसून यायचं असेल तर या, मात्र तयारीला वेळ लावायचा नाही. आत्ता गल्लीच्या टोकापर्यंत नुसती बघून येते म्हणून गेली आहे. भाऊजी फाटकाशी उभं राहून दिशा सांगतायत, पण तिचं लक्ष नाही. ताई हातमोजे घालून तशीच रस्त्यात उभी आहे, आणि खुर्चीतला रोगी खिडकीला येऊन बघतोय. मामी दिसेनाशी झाली आहे, आवाज अजून येतो आहे. वळणावर तिनं वेग कमी केला नाही, मामा. काय सुरेख वळवली म्हणून सांगू.